लाल टोपीचं पोर

वॉर्साला पोचल्यावर भाचीनं मला राजवाडा दाखवला नाही की जुना चौक. "आधी गावचं दर्शन घे, मावशी," म्हणाली आणि मोन्ते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ घेऊन गेली. तिथं कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून इराणमार्गे आपल्याकडे आलेली पाचेक हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली, त्याची ही आठवण. ती गेली आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी त्याच जागेत संसार मांडले. माझ्या पिढीला वळिवड्याची छावणी माहीत आहे ती गांधीनगर म्हणून, आणि गांधीनगर म्हणजे लग्नाचा बस्ता. परक्या राजधानीत गावाचं नाव बघून ऊर वगैरे भरून यायला हवा होता. मला आठवली ती गादीवर बसून एकामागून एक शालू उलगडणारी तिथली दुकानदार मंडळी.

आम्हाला जायचं होतं पार पूर्वेला, बेलारूसच्या सीमेवरच्या ब्यावोव्येझाच्या जंगलात. भाचीला तिथले गवे बघायचे होते, मला सुतार पक्षी. युरोपातल्या सुतारांच्या जवळजवळ सगळ्या जाती त्या एका जंगलात नांदतात, हे वाचल्यापासून ते नाव डोक्यात बसलं होतं. नाव उच्चारायला शिकले तीच मोठी कमाई.

वॉर्सा मागे पडलं की जमीन सपाट होते, आणि सपाटच राहते. कोल्हापूरच्या माणसाला क्षितिजावर जोतिबा नाहीतर पन्हाळा लागतो. इथं नजर रायच्या शेतावरून निघते ती कुठं टेकतच नाही. मधेच खसखशीच्या लाल फुलांचा पट्टा, मधेच खांबावर करकोच्यांचं घरटं. पोदलाशे प्रांतात शिरल्यावर लाकडी घरांची गावं सुरू झाली. त्शेश्चांका, सोत्से, पुख्वी ही तीन गावं खिडक्यांच्या कोरीव झडपांसाठी प्रसिद्ध आहेत. एका गावचं ऑर्थोडॉक्स चर्च हिरवं, एकाचं निळं, आणि रंग असे ठणठणीत की आपल्याकडचे देऊळ रंगवणारेही दाद देतील. घरासमोर रस्त्याच्या कडेला बाक, बाकावर म्हातारी माणसं. आमच्याकडे असा कट्टा असता तर "कुठलं पाव्हणं?" ऐकल्याशिवाय पुढं जाता आलं नसतं. इथं 'जेन दोब्री' म्हटलं की तेवढंच उत्तर येतं आणि माणूस परत कांद्याच्या वाफ्याकडे बघू लागतो. मला ते कोरडं वाटत होतं. मग भाचीनं एका आजोबांना वाट विचारली. त्यांनी हातानं दाखवली नाही. उठले, काठी घेतली, फाट्यापर्यंत सोबत आले, तिथं बोट दाखवलं आणि एकही प्रश्न न विचारता परत फिरले.

या भागातल्या जुन्या माणसांची बोली पोलिशपेक्षा बेलारूसी आणि युक्रेनी यांच्या मधली आहे. भाचीला निम्मं कळत नव्हतं. निपाणी-गडहिंग्लजकडचं मराठी-कानडी ऐकत वाढल्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. देशाच्या रेघा मागाहून येतात.

हायनूफ्काला थांबलो ते केकसाठी. 'मार्चिनेक' म्हणतात, पातळ पातळ पोळ्यांचे थर आणि मधे आंबट साय. मग झाडी दाट होत गेली, आणि ब्यावोव्येझा आलं.

ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या बाईंसाठी भाचीनं फुलं घेतली. मोजून सात. पोलंडमध्ये फुलं विषम संख्येनं द्यायची. सम संख्या मयतीला. मी म्हटलं, आमच्याकडे पाकिटात अकरा, एकवीस, एक्कावन्न घालतात तसंच की हे. दारात बूट काढायचे, घरातल्या सपाता पायात घालायच्या, हेही ओळखीचं. बाई सत्तरीच्या, नवरा वनखात्यात होता, तो आता नाही. त्यांनी टेबलावर मांडलं ते जूनमधलं इथलं साधं जेवण: कोवळे उकडलेले बटाटे, वर लोणी, बाजूला विरजलेलं दूध, आणि सगळ्यावर शेपू. आमच्या घरात शेपूवरून दोन तट आहेत, मी विरोधी पक्षातली. इथं शेपू बटाट्यावर, काकडीवर, बिटाच्या गुलाबी गार सारात, जिथं बघावं तिथं. पण चिमूटभर, वरून, कच्चा. खाल्ला. वाईट लागला नाही. घरी हे सांगणार नाही. शेवटी करंजीच्या घाटाचे उकडलेले पिएरोगी आले, आत स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी आमच्याकडे महाबळेश्वरची, थंडीतली. इथं ती जूनची.

सकाळी, म्हणजे उजेड होऊन बराच वेळ झाल्यावर पाचाच्या सुमाराला निघालो. जूनमध्ये इथं रात्र नावापुरती असते. जंगलाचा अगदी जुना, राखीव भाग गाईडशिवाय बघता येत नाही. आमच्या गाईडबाई पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. वाट रशियाच्या झारच्या बागेतून जाते. झारनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथं शिकारीचा महाल बांधला; १९४४ मध्ये तो जळला, पुढं उरलंसुरलं पाडलं. बाग आहे, फाटक आहे, महाल नाही. पोलंडच्या राजांनी आणि रशियाच्या झारांनी आपल्या शिकारीसाठी हे रान शतकानुशतकं इतरांपासून राखलं, म्हणून ते वाचलं. शाहू महाराजांच्या शिकारीचं दाजीपूर आठवलं. तिथं १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. इथल्या गव्याचं नशीब जास्त खडतर: पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सैनिकांनी आणि चोरट्या शिकाऱ्यांनी कळप संपवले, १९१९ मध्ये या जंगलातला शेवटचा रानगवा मारला गेला. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या जनावरांपासून वंश पुन्हा वाढवला आणि १९५२ मध्ये पहिले गवे मोकळे सोडले. आज युरोपात हजारोंनी आहेत. भाचीला अजून एकही दिसला नव्हता, ती प्रत्येक काळ्या बुंध्याकडे आशेनं बघत होती.

कुरण ओलांडलं, लाकडी मोठी वेस लागली, आणि आत शिरल्यावर पहिलं काय जाणवलं तर पसारा. आपल्या मनातलं परदेशी जंगल कॅलेंडरवरचं, सरळसोट झाडांचं, खाली झाडून घेतल्यासारखं असतं. इथं पडलेल्या झाडांवर पडलेली झाडं. ओक, लिंडेन, हॉर्नबीम, स्प्रूस, कुणी उभ्या-उभ्या वठलेलं, कुणी अर्ध्यात मोडलेलं, कुणी शेवाळाखाली इतकं गाडलेलं की खोड आहे हे त्यावर ओळीनं उगवलेल्या रोपट्यांवरून कळावं. बुंध्यांवर घोड्याच्या खुरांएवढ्या करड्या भूछत्रांची बिऱ्हाडं. आणि डास! ते मात्र अगदी आपले.

गाईडबाई फार कमी बोलत. आपल्याकडे जंगलात गाईड म्हणजे वाघाची बातमी; जीप पळवायची, दुसऱ्या जीपला विचारायचं. या बाई थांबायच्या, बोट वर करायच्या, आणि आम्ही ऐकायचं. एका पाइनच्या बुंध्याशी त्यांनी खाली बघायला सांगितलं. शेकडो फळं पडली होती, सगळी विस्कटलेली. वर खोडाला एक खाच. मोठा चितकबरा सुतार पाइनचं फळ आणून त्या खाचेत ठोकून बसवतो, उलटसुलट करून बिया काढतो, चोथा खाली टाकतो, दुसरं आणतो. हिवाळाभर हे चालतं. पोलिशमध्ये अशा जागेला लोहाराची भट्टी म्हणतात. तिथं लोहार, आमच्याकडे सुतार. बलुतं बदललं तरी कारागिरी मान्य आहे.

तेवढ्यात ते ऐकू आलं. आधी मला वाटलं किडा असेल. एकसुरी, घाईची, दम न घेणारी किटकिट, जणू झाडाच्या आतून. गाईडबाई हसल्या. जूनच्या सुरुवातीला या निवांत रानात सगळ्यात जास्त गोंगाट कुणाचा असेल, तर सुताराच्या पिल्लांचा. बाकीच्या बऱ्याच पक्ष्यांची पिल्लं शत्रूच्या धाकानं गप्प असतात. ही मात्र लाकडाच्या भिंतीआड निर्धास्त, आणि भूक लागलेली. आवाजाच्या मागानं नजर नेली तर वाटेपासून वीसेक पावलांवर एक हॉर्नबीम, वरचा शेंडा वठलेला, आणि तीन पुरुष उंचीवर एक गोल भोक. भोकात एक डोकं.

डोकं म्हणजे मुख्यतः टोपी. लालभडक, कपाळापासून माथ्यापर्यंत. या मोठ्या चितकबऱ्या जातीत आईच्या डोक्यावर लाल काही नसतं, बापाच्या मानेमागं एक लाल चट्टा असतो. पोराला मात्र अख्खी टोपी, मुलगा असो की मुलगी. शरद ऋतूपर्यंत ती जाते. गाईडबाई म्हणाल्या, या टोपीपायी दर जूनमध्ये हौशी पर्यटक फसतात. मधला चितकबरा सुतार म्हणून जरा दुर्मीळ जात इथं आहे, त्याच्याही माथ्यावर पूर्ण लाल; लोक हे पोर बघतात आणि वहीत त्याची नोंद करतात. त्या मधल्या सुताराचं नाव निघालं तेव्हा मी कान टवकारले, कारण तो आपल्या नात्यातला. बाभळीवर, विरळ रानात दिसणारा आपला मराठा सुतार. १८०१ मध्ये लॅथम नावाच्या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं त्याच्या शास्त्रीय नावात 'महरट्टेन्सिस' घातलं, ते अजून आहे. या दोघांना काही शास्त्रज्ञांनी काही काळ एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) घातलं होतं. भाचीनं हे गाईडबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच तो पक्षी पाळला होता.

आम्ही तिथंच बसलो, वाटेवरच्या पडलेल्या लाकडावर, कारण वाट सोडायची परवानगी नाही. बाप आला. चोचीत हिरव्या अळ्यांचा झुपका. आत गेला नाही. खोडाला खालून चिकटला, शेपटीचा टेकू दिला आणि बाहेरूनच पोराच्या घशात चोच घातली. अंडी उबायला या पक्ष्यांना दहा-बारा दिवस पुरतात, पण पिल्लं पुढं तीन आठवडे ढोलीत असतात, आणि शेवटच्या दिवसांत आईबाप आत जाणंच सोडतात. बाप गेला की टोपी पुन्हा बाहेर. डावीकडे बघ, उजवीकडे बघ, वर बघ, आणि तोंड सतत चालू. मधेच टोपी आत ओढली जाई आणि दुसरी टोपी वर येई. आत ढकलाढकली चालली होती. मग आई आली, पण झाडावर नाही. शेजारच्या स्प्रूसवर बसली, चोचीत खाऊ, आणि नुसती बोलवत राहिली. पोरानं आरडाओरडा दुप्पट केला. आई हलली नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी आयांना हे जमलं नसतं.

पोर भोकातून छातीपर्यंत बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. पुन्हा आलं. आणि मग काही ठरवल्यासारखं न दिसता ते बाहेर होतं. उडणं म्हणावं असं ते नव्हतं. तिरकं पडणं होतं, आणि पडता पडता स्प्रूसचा बुंधा आडवा आला. पण बुंध्याला लागताक्षणी त्यानं तो असा पकडला की जन्मभर तेच केलंय. नखं रुतली, शेपटी टेकली. आईनं खाऊ दिला आणि वर सरकली. पोरही मागोमाग, तुटक उड्या मारत. थांबलं. समोरच्या सालीकडे बघितलं आणि चोच मारली. एकदाच. आवाज झाला त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं असावं, कारण किटकिट थांबली.

सुताराच्या डोक्यात धक्का झेलणारी काही मऊ रचना असते असं आपण सगळेच ऐकत आलो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात चोची मारतानाच्या अतिवेगवान चित्रफिती तपासल्या, तर तसं काही नाही असं निघालं. डोकं घणासारखं ताठ राहतं. धक्का मऊ केला तर ठोकाच वाया जाईल. मेंदू लहान, म्हणून निभावतं. या पोराचा पहिला घण मी ऐकला.

पुढं चालताना गाईडबाईंना विचारलं, ही ढोली आता कुणाला जाणार? कारण सुतार सहसा दर वर्षी नवं घर कोरतो आणि जुनं सोडून देतो, त्यात दुसरे राहतात. मला वळिवडं आणि गांधीनगर आठवत होतं आणि सुताराचं कौतुक करायची फार इच्छा होती. बाईंनी ते होऊ दिलं नाही. व्रोत्सवाफ विद्यापीठाचे तोमाश वेसोवोव्स्की आणि त्यांचे सहकारी १९७५ पासून याच जंगलात घरटी मोजत आले आहेत. त्यांना असं दिसलं की इथले ढोलीत राहणारे बहुतेक पक्षी सुतारानं कोरलेल्या ढोलीपेक्षा फांदी मोडून, कुजून आपोआप झालेल्या ढोल्या जास्त वापरतात. म्हातारी झाडं असली की घरांना तोटा नसतो. जिथं माणूस म्हातारी झाडं काढून टाकतो, तिथं सुताराच्या जुन्या घरावर पाळी येते. शिवाय, बाई म्हणाल्या, हा तुमचा लाडका मोठा झाला की शेजाऱ्यांच्या ढोल्या फोडून त्यांची पिल्लं खाईल. भाची म्हणाली, "मावशी, तोंड बघ तुझं."

पुढच्या तुकड्यात स्प्रूस सगळे मेलेले, साली गळालेल्या, करडे. सालीखालच्या भुंग्यांनी २०१२ नंतर इथले स्प्रूस हजारोंनी मारले. वनखात्यानं तोड वाढवली, २०१७ मध्ये लोकांनी यंत्रांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, आणि एप्रिल २०१८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं ती तोड बेकायदा ठरवली. भुंगा म्हणजे रोग, हा एक पक्ष. भुंगा म्हणजे तीन बोटांच्या सुताराची दिवाळी, हा दुसरा. हा सुतार, ज्याच्या नराला पिवळी टोपी असते, मुख्यतः भुंग्यांच्या अळ्यांवर जगतो. आम्हाला तो दिसला नाही, त्यानं सोललेली खोडं दिसली.

मी जंगलाच्या पक्षाची. पण आदल्या रात्री यजमानीणबाईंनी हाच विषय काढला होता: एवढं चांगलं लाकूड कुजतंय, पाप आहे, आणि हिवाळ्यात आम्ही मात्र लाकूड विकत घ्यायचं. मला हसू आलं नाही. माझी आई शेतावरून कधी रिकाम्या हातानं आली नाही. येताना काटक्यांचा भारा असायचाच. वठलेलं झाड म्हणजे सरपण, हे आमच्या हाडात आहे. त्याला हात लावायचा नाही असं फक्त देवराईत, आणि तेही देवाच्या धाकानं. इथं देवाच्या जागी कायदा आहे, एवढाच फरक, धाक लागतोच.

दुपारी सीमेच्या बाजूला जायला निघालो तर लष्कराच्या गाड्या. जंगलातून आता पोलादी भिंत जाते, साडेपाच मीटर उंच, २०२२ मध्ये उभारलेली, जंगलासकट सीमेचा सुमारे १८६ किलोमीटर पट्टा कापणारी. पलीकडून येणारी माणसं, सीरिया, इराक, अफगाणिस्तानची, तिला टाळून किंवा चढून याच रानात उतरतात. काहीजण इथंच मेले. २०२१ च्या शरदात या भागातल्या काही घरांनी खिडकीत हिरवा दिवा लावायला सुरुवात केली. अर्थ असा, की इथं दार वाजवलंत तर अन्न आणि ऊब मिळेल. गाईडबाईंनी हे सांगितलं आणि मग १० फेब्रुवारी १९४० ची रात्र सांगितली. तेव्हा हा मुलूख सोव्हिएत ताब्यात होता. त्या एका रात्रीत पूर्व पोलंडभरातून वनरक्षकांची कुटुंबं उचलून, थंडीत मालगाड्यांत घालून सायबेरियाकडे नेली. ब्यावोव्येझाच्या भागातूनही. त्या पहिल्या लाटेतून जी वाचली, त्यांतली काही फिरत फिरत आमच्या पंचगंगेकाठी आली. मी गाईडबाईंना सांगितलं की त्या छावणीत आता कापडाचा बाजार आहे. "चांगलं कापड?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाव करता आला तर.

गवा शेवटी कुरणाच्या कडेला दिसला, एकच, पाठमोरा. आमच्या दाजीपूरच्या गव्याची कातडी चकचकीत काळी आणि पायात पांढरे मोजे. हा तपकिरी, दाढीवाला, खांद्याशी उंच. भाचीनं इतके फोटो काढले की तो कंटाळून आत गेला.

संध्याकाळी जेवताना मी लाल टोपीचं सगळं वर्णन केलं, भाचीनं ते पोलिशमध्ये आणखी रंगवलं. यजमानीणबाई ऐकत होत्या. संपल्यावर उठल्या, "या" म्हणाल्या आणि आम्हाला घराच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेल्या. थंडीसाठी भिंतीला बाहेरून थर्माकोलचा जाड थर, वर गिलावा. त्यात मुठीएवढं भोक. त्याच्या खाली बुजवलेलं एक, शेजारी पत्रा ठोकलेलं एक. ठोकलं की पोकळ वाजतं, म्हणून सुताराला वाटतं आत किडे आहेत. या वर्षीच्या भोकात चिमण्यांनी आधीच बिऱ्हाड केलं होतं, त्यामुळे ते बुजवायचं आता शरदात. गवंड्याचे पैसे त्यांनी दोनदा सांगितले. मग मला विचारलं, कोल्हापूरला भिंतींना असा थर नसतो का? म्हटलं, नसतो, थंडीच तेवढी नाही. म्हणजे तुम्हाला हा त्रास नाही? म्हटलं, माझ्या माहेरी, राधानगरीकडे, वानरं येतात. कौलांवर नाचतात, दर उन्हाळ्यात दोनतीनशे कौलं बदलावी लागतात, आणि स्वयंपाकघरात शिरून भाकऱ्या नेतात.

भाचीनं भाषांतर केलं. बाईंनी भिंतीतल्या भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मग आमचा सुतार परवडला."